पणजोबा शांघायला होते: चीनमधल्या ब्रिटिश पूर्वजांचा माग कसा काढावा

‘पणजोबा शांघायला होते म्हणे. कस्टममध्ये की बँकेत, नक्की ठाऊक नाही.’ ब्रिटनमधल्या कितीतरी घरांत चीनची आठवण एवढीच उरलेली असते. सोबत कापराच्या लाकडाची एखादी पेटी आणि मागे स्टुडिओचा शिक्का असलेले दोन-चार फोटो. आता ब्रिटिश सुना-जावई मराठी घरांतही आहेत. त्यांची मुलं वंशवृक्ष काढायला बसली की एखादी फांदी चीनमधल्या तिएन्त्सिन (आजचं तिआनजिन) नाहीतर हँकाऊला जाऊन तुटते, आणि पुढे कुठे बघायचं हे कोणालाच सुचत नाही.

ही फांदी जोडता येते. ब्रिटिश लोक चीनमध्ये शंभर वर्षं राहिले आणि त्यांनी कागद भरपूर मागे ठेवले. अडचण एवढीच की ते एका जागी नाहीत, आणि त्यातले बरेचसे चीनमध्येही नाहीत. १८४२च्या नानकिंग तहानंतर हाँगकाँग ब्रिटिशांची वसाहत झालं, आणि कँटन, अमॉय, फूचौ, निंगपो, शांघाय ही पाच बंदरं व्यापाराला खुली झाली. पुढच्या तहांनी आणखी बंदरं उघडली. या बंदरांतला ब्रिटिश माणूस चिनी कायद्याखाली येत नसे. त्याचा गुन्हा, त्याचं कर्ज, त्याचं मृत्युपत्र हे सगळं ब्रिटिश कॉन्सुलेटपुढे आणि १८६५ पासून शांघायच्या ब्रिटिश सर्वोच्च न्यायालयापुढे चाले. ही सवलत थेट १९४३ साली संपली. म्हणून भारतातल्या ब्रिटिशांसाठी जसं एकच मोठं दफ्तर आहे, तसं चीनचं नाही. इथे कागद माणसाच्या पत्त्यामागे गेलेले नाहीत, त्याच्या मालकामागे गेले आहेत. पणजोबा कोणाचा पगार खात होते हे कळलं की निम्मं काम झालं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका प्रश्नाभोवती फिरतात.

सुरुवात ब्रिटनमध्येच करा

चिनी नकाशा नंतर उघडा. आधी ब्रिटनची जनगणना बघा. १८८१ ते १९२१ या जनगणनांत जन्मस्थानाच्या रकान्यात ‘शांघाय, चीन’ किंवा ‘हाँगकाँग’ असं लिहिलेलं मूल बऱ्याचदा आजीच्या, मावशीच्या घरी नाहीतर वसतिगृहात सापडतं. चीनमधले ब्रिटिश आईबाप मुलं जराशी मोठी झाली की शिक्षणासाठी ‘घरी’ पाठवत. अशा मुलाच्या जन्मस्थानावरून बंदर कळतं आणि भावंडांच्या जन्मस्थानांवरून बदल्या कळतात. थोरला अमॉयचा, मधली चिन्कियांगची, धाकटा तिएन्त्सिनचा, अशी मांडणी दिसली तर वडील बहुधा कस्टममध्ये, कॉन्सुलर सेवेत किंवा मोठ्या पेढीत होते असं समजून चाला. १९३१ची इंग्लंड-वेल्सची जनगणना आगीत गेली, तिथे १९३९च्या राष्ट्रीय नोंदवहीवर भागवावं लागतं.

त्यानंतर जहाजांच्या प्रवासी याद्या. ब्रिटनमध्ये येणाऱ्यांच्या याद्या १८७८ पासून आणि जाणाऱ्यांच्या १८९० पासून, दोन्ही १९६० पर्यंत, लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहेत आणि पैसे भरून वापरायच्या वंशावळीच्या संकेतस्थळांवर शोधता येतात. वय, धंदा, कधीकधी ब्रिटनमधला पत्ताही मिळतो. साधारण पाच वर्षांच्या अंतराने कोणी ये-जा करताना दिसला तर ती लांब रजा समजावी. रजेच्या वर्षी लग्न झालेलं असण्याची शक्यता मोठी, म्हणून लग्नाची नोंद आधी ब्रिटनमध्ये शोधा.

स्कॉटिश घराण्यांसाठी हे सगळं वेगळ्या दालनात बघावं लागतं. चीनच्या व्यापारात, बँकांत आणि जहाजांच्या इंजिनखोल्यांत स्कॉट मंडळींचा भरणा मोठा होता, आणि त्यांच्या जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी एडिंबराच्या दफ्तरात आहेत. ‘इंग्लंडमध्ये काहीच सापडलं नाही’ म्हणून हात टेकलेल्या अनेकांचं काम तिथे होतं.

गावाचं जुनं नाव जपून ठेवा

पत्रात असेल तसंच नाव वहीत उतरवा आणि शेजारी आजचं नाव लिहा. चेफू म्हणजे यांताई, स्वाताव म्हणजे शांतोऊ, मुकदेन म्हणजे शेनयांग, हँकाऊ आता वुहानचा भाग. न्यूच्वांगची गंमत वेगळीच: मूळ शहर नदीच्या वरच्या अंगाला होतं, पण परदेशी लोक राहत होते ते यिंगकौ बंदरात, आणि कागदोपत्री मात्र सगळे ‘न्यूच्वांग’च लिहीत. दफ्तरखान्याच्या सूचीत शोध जुन्याच नावाने लागतो. आधुनिक नाव टाकून रिकामं पान पाहिलं तर निराश होऊ नका, नाव बदलून बघा.

हाँगकाँग आणि शांघाय यांची गल्लत मात्र अजिबात करू नका. हाँगकाँग ही वसाहत, त्यामुळे तिथले जन्म-मृत्यू कॉन्सुलेटच्या नोंदींत मिळणार नाहीत. ते हाँगकाँग सरकारच्या दफ्तरात. वेहाइवेई हे १८९८ ते १९३० भाडेपट्ट्यावर होतं आणि त्याची फाइल वसाहत खात्याकडे गेली. तिएन्त्सिन, हँकाऊ, अमॉय यांचा कारभार परराष्ट्र खात्याचा.

वर्षागणिक मागोवा: निर्देशिका

आता खरा माग सुरू होतो. १८६३ पासून हाँगकाँगहून चीन-जपान-फिलिपिन्सची वार्षिक निर्देशिका निघत असे, ‘क्रॉनिकल अँड डिरेक्टरी’ या नावाने. शांघायहून ‘हाँग लिस्ट’ निघे. हाँग म्हणजे पेढी. या जाड ग्रंथांच्या बऱ्याच प्रती स्कॅन होऊन मोफत उपलब्ध आहेत.

एक पान कसं वाचायचं ते बघू. बंदराचं नाव, त्याखाली पेढीचं इंग्रजी नाव, शेजारी तिचं चिनी नाव. जार्डिन मॅथेसन ‘इवो’, बटरफील्ड अँड स्वायर ‘ताइकू’, हाँगकाँग अँड शांघाय बँक ‘वेफुंग’. त्याखाली माणसं हुद्द्याच्या उतरंडीने: वर ताईपान म्हणजे साहेबांचा साहेब, मग सही करण्याचा अधिकार असलेले, मग सहायक. ग्रंथाच्या शेवटी सगळ्या परदेशी रहिवाशांची वर्णानुक्रमे यादी: नाव, काम, पेढी, गाव. तुम्ही आधी या शेवटच्या यादीतून शिरा. समजा पणजोबा १८८९च्या यादीत फूचौच्या चहाच्या पेढीत आहेत. मग १८८८, १८८७ असं मागे मागे जा, नाव गायब होईपर्यंत. नंतर पुढे जा. नाव गायब होण्याची दोन वर्षं म्हणजे त्यांच्या येण्या-जाण्याची चौकट. या चौकटीत प्रवासी याद्या आणि वर्तमानपत्रं शोधली तर काम दिवसांवर येतं, नाहीतर वर्षानुवर्षं चाळत बसावं लागतं.

दोन सापळे. निर्देशिकेत आद्याक्षरंच असतात, आणि ‘जे. मॅकडोनाल्ड’ एका बंदरात तिघे निघतात. पेढी जुळल्याशिवाय नाव वंशवृक्षावर चढवू नका. दुसरं, माहिती आदल्या वर्षाच्या अखेरीस गोळा केलेली असे, म्हणून यादीतलं वर्ष थोडं सैल धरा. हाँगकाँगसाठी याच तोडीचं साधन म्हणजे सरकारी राजपत्रात दरवर्षी छापलेली ज्युरींची यादी: नाव, धंदा, पत्ता. ती हाँगकाँग विद्यापीठाच्या जुन्या सरकारी अहवालांच्या संग्रहात मोफत वाचता येते.

पगार कोणाचा?

चिनी सागरी कस्टम सेवा हा इथला सर्वांत मोठा गोंधळाचा विषय. तिचे वरचे अधिकारी बहुतांशी ब्रिटिश होते, १८६३ पासून जवळपास अर्धशतक तिचा प्रमुख आयरिश रॉबर्ट हार्ट होता, पण ही सेवा चीन सरकारची. त्यामुळे ब्रिटिश सरकारी नोकरांच्या याद्यांत हे लोक सापडत नाहीत. त्यांच्यासाठी कस्टमने स्वतःच १८७५ पासून दरवर्षी ‘सर्व्हिस लिस्ट’ छापली: हुद्दा, राष्ट्रीयत्व, नेमणुकीची तारीख, बंदर. कचेरीतला ‘इनडोअर’ माणूस आणि जहाजांवर चढून माल तपासणारा ‘आउटडोअर’ टाइडवेटर यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर होतं, आणि दीपगृहांचे रखवालदारसुद्धा याच यादीत आहेत. सेवेचं मूळ दफ्तर नानजिंगच्या दुसऱ्या ऐतिहासिक दफ्तरखान्यात आहे.

इथे ब्रिस्टल विद्यापीठाच्या ‘चायना फॅमिलीज’ या संकेतस्थळाचं नाव घ्यायलाच हवं. कस्टमचे कर्मचारी, शांघायचे पोलीस, मृत्युपत्रांच्या नोंदी, दफनांच्या याद्या हे सगळं तिथे एका शोधचौकटीत मोफत मिळतं. माझं मत विचाराल तर निर्देशिका उघडण्याच्याही आधी आडनाव इथे टाकून बघावं. त्याच विद्यापीठाचा चीनच्या जुन्या छायाचित्रांचा संग्रह ऑनलाइन आहे. घरातल्या अनोळखी फोटोतली इमारत तिथल्या फोटोंशी ताडून बंदर ठरवता येतं.

शांघायच्या परदेशी वस्तीचा कारभार बघणाऱ्या शांघाय म्युनिसिपल कौन्सिलची नोकरी असेल, म्हणजे पोलीस, आरोग्य, रस्ते, अग्निशमन, तर मूळ कागद शांघायच्या नगर दफ्तरखान्यात आहेत. कौन्सिलचे छापील वार्षिक अहवाल आणि १९०८ पासूनचं म्युनिसिपल गॅझेट मात्र मोठ्या ग्रंथालयांत मिळतात आणि त्यांत नेमणुका, बढत्या, राजीनामे आहेत. या पोलीस दलात १८८०च्या दशकापासून शिखांची तुकडीही होती, तेव्हा पंजाबातल्या कुटुंबांनाही हाच रस्ता लागू पडतो.

मिशनरी पूर्वज असतील तर तुम्ही सुदैवी आहात, कारण मिशनरी पत्रं लिहीत आणि मिशन ती जपून ठेवत. लंडन मिशनरी सोसायटी, मेथडिस्ट मिशन आणि चायना इनलँड मिशन यांची दफ्तरं लंडन विद्यापीठाच्या सोआस या संस्थेच्या ग्रंथालयात. चर्च मिशनरी सोसायटीचं बर्मिंगहॅम विद्यापीठात. बॅप्टिस्टांचं ऑक्सफर्डच्या रीजंट्स पार्क कॉलेजात. पेढ्यांपैकी जार्डिनचे कागद केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि स्वायरचे सोआसमध्ये आहेत. कॉन्सुलर अधिकाऱ्यांसाठी दरवर्षीची छापील फॉरेन ऑफिस लिस्ट पुरेशी आहे.

जन्म, लग्न, मृत्यू

१८४९ पासून कॉन्सुलेटमध्ये नोंदवलेले जन्म-मृत्यू-विवाह ब्रिटनच्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या परदेशी सूचीत येतात आणि प्रमाणपत्र मागवता येतं. पण कॉन्सुलेटमध्ये जन्म नोंदवणं सक्तीचं नव्हतं, आणि आत खोलवर राहणाऱ्या मिशनऱ्याला सर्वांत जवळचं कॉन्सुलेट कित्येक दिवसांच्या वाटेवर असे. सूचीत नाव नाही म्हणून जन्मच झाला नाही असं नसतं. मग चर्चकडे वळा: शांघायच्या अँग्लिकन नोंदवह्या लंडनच्या लँबेथ पॅलेस ग्रंथालयात आहेत, आणि क्यूच्या आरजी ३३ या मालिकेत परदेशी नोंदींचे बरेच खंड आहेत. सैनिकाचं मूल असेल तर रेजिमेंटच्या आणि सैन्याच्या पाद्रींच्या नोंदी वेगळ्या बघा.

मृत्युपत्राची फाइल

सगळ्या कागदांत मला हीच फाइल जवळची वाटते. शांघायच्या ब्रिटिश न्यायालयातली वारसापत्रांची प्रकरणं क्यूला एफओ ९१७ या मालिकेत आहेत, १८५७ ते १९४१ पर्यंतची, आणि दफ्तरखान्याच्या ऑनलाइन सूचीत मृताच्या नावाने शोधता येतात. फाइल उघडायला क्यूला जावं लागतं किंवा पैसे भरून प्रत मागवावी लागते. हाँगकाँगमधल्या मृत्युपत्रांसाठी तिथल्या सार्वजनिक दफ्तरखान्यातली एचकेआरएस १४४ ही मालिका आहे.

मृत्युपत्र श्रीमंतांचंच असतं हा गैरसमज सोडा. इथे टाइडवेटर आहेत, बोटीवरचे इंजिनियर आहेत, खाणावळ चालवणारी विधवा आहे. जिथे मालमत्तेची यादी जोडलेली असते तिथे माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो: घड्याळ, बंदूक, दोन सूट, शर्यतीच्या तट्टाचा अर्धा हिस्सा, घोडागाडीवाल्याचं थकलेलं बिल, दफनाचा खर्च. उरलेली रक्कम कोणाला पाठवली त्यावरून ब्रिटनमधलं घर सापडतं.

आणि याच फायलींत कधीकधी चिनी बायकोचं नाव निघतं. बऱ्याचदा तिला बायको म्हटलेलंही नसतं. ‘माझ्या घरी राहणारी चिनी स्त्री’ असा मोघम उल्लेख, तिच्यासाठी महिन्याची ठरावीक रक्कम, आणि खाली मुलांची इंग्रजी नावं. पेढ्या आणि कस्टम दोन्हीकडे अशा संबंधांवर पांघरूण घातलं जाई. खुद्द रॉबर्ट हार्टने आयाऊ या चिनी स्त्रीपासून झालेली आपली तीन मुलं इंग्लंडला पाठवून दुसऱ्या कुटुंबात वाढवली. तुमच्या वंशवृक्षावर एखाद्या पणजीचं नाव कोरं असेल, मूल चीनमध्ये जन्मलेलं असेल आणि आईबापांचं लग्न कुठेच सापडत नसेल, तर ही शक्यता मोकळ्या मनाने तपासा. शांघायची टॉमस हॅनबरी शाळा युरेशियन, म्हणजे युरोपीय-आशियाई मिश्र आईबापांच्या, मुलांसाठी होती. हाँगकाँगमध्ये इतिहाससंशोधक कार्ल स्मिथ यांनी आयुष्यभर लिहिलेली लाखाहून अधिक टिपणपत्रं सार्वजनिक दफ्तरखान्याने ऑनलाइन ठेवली आहेत, आणि अशा स्त्रियांच्या घरांचे, जमिनींचे, मुलांचे धागे त्यांत आहेत. डीएनए चाचणीचाही इथे खरा उपयोग होतो. त्या पणजीचं नाव तिच्या गावासकट, जेवढं मिळेल तेवढं, वंशवृक्षावर लिहा. तिला ‘अज्ञात’ ठेवण्याचं काम त्या काळाने पुरेसं केलं आहे.

वर्तमानपत्रं

१८५० पासून निघणाऱ्या ‘नॉर्थ चायना हेराल्ड’ या साप्ताहिकात जन्म-लग्न-मृत्यू, बोटीने आले-गेले, कोर्टाचे निकाल, स्वयंसेवक दलाच्या नेमबाजीचे गुण, सगळं असे. त्याचा डिजिटल संग्रह वर्गणीचा आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून बघायला मिळतो का विचारा. हाँगकाँगची जुनी इंग्रजी वर्तमानपत्रं तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. सिंगापूर आणि ऑस्ट्रेलियाचे सरकारी वृत्तपत्रसंग्रहही मोफत, आणि चीनच्या किनाऱ्यावरच्या बातम्या तिथे सतत छापल्या जात. बायकांची नावं शोधताना नवऱ्याची आद्याक्षरं टाका.

युद्ध आणि छावण्या

डिसेंबर १९४१ नंतर जपान्यांनी ब्रिटिश नागरिकांना स्थानबद्ध केलं: हाँगकाँगमध्ये जानेवारी १९४२ पासून स्टॅन्ली छावणी, शांघायभोवती १९४३ पासून लुंगह्वा, पूतुंग, चापेई, उत्तरेत वेइशिएन. क्यूच्या एफओ ९१६ आणि सीओ ९८० या मालिकांत स्थानबद्धांच्या याद्या आणि पत्रव्यवहार आहे. छावणीत मरण पावलेले नागरिक राष्ट्रकुल युद्धदफन आयोगाच्या नागरी मृतांच्या यादीत शोधा. हाँगकाँगमधल्या ब्रिटिश बायका-मुलांना १९४० साली ऑस्ट्रेलियाला हलवलं होतं, म्हणून आजी त्या काळात सापडत नसेल तर ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय दफ्तर उघडा.

एकाच कुटुंबाचे कागद किती देशांत जातात ते एरिक लिडलवरून कळेल. १९२४च्या ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर जिंकणारा हा धावपटू १९०२ साली तिएन्त्सिनला जन्मला. वडील लंडन मिशनरी सोसायटीचे, म्हणजे कागद सोआसला. मुलगा लंडनला मिशनऱ्यांच्या मुलांच्या शाळेत आणि मग एडिंबरा विद्यापीठात. १९२५ साली तो तिएन्त्सिनला शिक्षक म्हणून परतला, तिथेच एका कॅनेडियन मिशनरी घरातल्या मुलीशी लग्न केलं. १९४१ साली गरोदर बायकोला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवलं, आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये वेइशिएनच्या छावणीत वारला. धाकट्या मुलीला त्याने पाहिलंच नाही. जन्म चीन, शाळा इंग्लंड, विद्यापीठ स्कॉटलंड, मिशनचं दफ्तर लंडन, वारस कॅनडा. साध्या कारकुनाचा माग काढतानाही इतके धागे पकडावे लागू शकतात.

कबरीच्या शोधात

शांघायला जाऊन कबरीवर फुलं वाहायची इच्छा समजण्यासारखी आहे, पण तिथल्या जुन्या परदेशी दफनभूमी उरलेल्या नाहीत. बबलिंग वेल दफनभूमीच्या जागी आज जिंगआन उद्यान आहे. प्रवासाचा खर्च करण्यापूर्वी दफनांच्या याद्या बघा. उभ्या कबरी हव्या असतील तर हाँगकाँगची हॅपी व्हॅली, स्टॅन्ली, आणि मकावची जुनी प्रोटेस्टंट दफनभूमी. या शेवटच्या ठिकाणी १८३४ साली वारलेला मिशनरी रॉबर्ट मॉरिसन आणि चित्रकार जॉर्ज चिनरी आहेत.

१८३४ पूर्वीचे, आणि मुंबईतून गेलेले

तहाच्या आधी कँटनला गेलेला पूर्वज बहुधा ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर किंवा वखारीत असतो. १८३४ पर्यंत ब्रिटनचा चीनशी व्यापार कंपनीच्या मक्त्यात होता. त्याचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दफ्तरात: चीनच्या वखारीचे जी/१२ आणि आर/१०, मकाव आणि कँटनजवळच्या वाम्पोआ बंदराच्या चर्चनोंदी एन/९, मुंबई इलाख्याच्या एन/३. स्वतंत्र व्यापारी मात्र बऱ्याचदा मुंबईतून गेले, कारण कापूस आणि माळव्याची अफू इथून कँटनला जात होती. पुढे जार्डिन मॅथेसन पेढी काढणारा विल्यम जार्डिन आणि जमशेटजी जीजीभॉय यांची ओळख चीनच्या वाटेवरच, १८०५ साली, एका जहाजावर झाली. ससून घराणं मुंबईतूनच शांघायला पसरलं. अशा पूर्वजासाठी काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आणि मुंबईच्या जुन्या वर्तमानपत्रांतल्या जहाजांच्या बातम्या बघायलाच हव्यात. ब्रिटिश इंडियातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेचा नावांचा साठा घरबसल्या मोफत चाळता येतो. तिथे भागीदाराचं पारशी नाव सापडलं तर तेही टिपून ठेवा. हाँगकाँग आणि मकावच्या पारशी दफनभूमींत त्या भागीदारांचे दगड आहेत, आणि दगडावरच्या तारखेवरून पेढी कुठल्या वर्षी कुठे होती हे ठरवता येतं.